बिनमुंडक्यांचे शर्ट आणि टाचणीबाईंचा बोर्ड

टाचणीबाई या वयात लग्न जमवतायत, ही बातमी तळमजल्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून निघाली आणि दिवेलागणीपर्यंत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला जाऊन थडकली. बातमीला पुरावाही होता. बाईंच्या फोनमध्ये म्हणे पुरुषांचे फोटो आहेत. एखाददुसरा नव्हे, ओळीनं मांडलेले. कोणी जाड, कोणी हडकुळा, कोणी बाह्या वर सारलेला, कोणी मनगटापर्यंत बंद. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे एकालाही मुंडकं नाही!

"कापून टाकलीत हो सगळ्यांची," झेरॉक्सवाली डोळे विस्फारून सांगत होती. "म्हणजे चेहऱ्याचं काही पडलेलंच नाही बाईंना. नुसती अंगकाठी बघतात!"

यावर इमारतीत बरीच चर्चा झाली. वरच्या मजल्यावरचे एक विधुर गृहस्थ तर इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यात उगाच घुटमळू लागले.

आता खरं काय ते सांगायला हवं. फोटो पुरुषांचे होते. मुंडकी बाईंनीच कापली होती, बोटानं, फोनवरच. पण लग्नाचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. त्यांना हवी होती बटणं. कॉलरचं, छातीवरचं, मनगटावरचं. बटण दिसलं की बाकीचा माणूस त्यांच्या दृष्टीनं फालतू कापड होता, आणि फालतू कापड त्या कधी ठेवत नसत.

टाचणीबाई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. गेली कित्येक वर्षं जिन्याखालच्या खोलीत त्यांचं शिवणाचं दुकान आहे आणि कित्येक वर्षं त्यांच्या ओठांत टाचण्या आहेत. गिऱ्हाइकांशी त्या हुंकारांनी बोलतात. एक हुंकार म्हणजे हात वर करा, दुसरा म्हणजे वळा, तिसरा म्हणजे पोट आत घेऊन काय उपयोग, घरी गेल्यावर ते बाहेर येणारच आहे. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं बाई फार कडक. जुन्यांना ठाऊक असतं की टाचण्या संपल्या की बाई बोलायला लागतात आणि मग त्यांना आवरणं अवघड.

मशीनच्या वरच्या भिंतीवर त्यांनी एक मोठा मऊ फळा ठोकलेला होता. जे आवडेल ते त्यावर टाचायचं. वर्तमानपत्रातली बाही, कुणाच्या तरी कोटाचा खिसा, कॉलरचा कागद, एखाद्या रंगाचा नुसता दोरा. एकावर एक, त्यावर आणखी एक. पंखा लावला की सगळी भिंत फडफडायची, उडून जाते की काय असं वाटायचं. आणि नेमकी हवी ती चिंधी ओढली की बाकीची चार खाली यायची.

"बाई, हे असं फोनवर करता येतं," असं झेरॉक्सवालीनंच एका दुपारी सांगितलं होतं. बोर्ड, म्हणजे फोनमधला फळा, कसा उघडायचा, चित्र कसं पिन करायचं, नाव कसं द्यायचं, सगळं तिनंच शिकवलं. म्हणून तर बाईंच्या फोनमध्ये डोकावणं तिला आपला हक्क वाटायचा. तिच्या स्वतःच्या बोर्डांवर तीन बंगले, एक संगमरवरी न्हाणीघर आणि पडद्यांचे शेकडो नमुने होते. घरी मात्र पडद्याची दांडी अजून कोपऱ्यात उभीच होती, कारण कुठला पडदा घ्यावा हे ठरत नव्हतं.

पण बाईंना बटणांचं वेड लागलं ते हौसेनं नाही. त्याचं कारण वर, पहिल्या मजल्यावर, अंगावर चादर ओढून बसलेलं होतं.

ते कारण म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. शहरातल्या बसमध्ये तिकीट तपासण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून सगळे त्यांना चेकरदादा म्हणत. भर उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गळ्यापर्यंत बटण. "माणूस आधी कॉलरला घाबरतो, मग मला," असं ते म्हणायचे. बायको गेल्यावर ते बहिणीच्या वरच्या खोलीत राहायला आले. भाऊ-बहीण दिवसभर भांडायचे आणि संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून बाकीच्या जगाला एकत्र नावं ठेवायचे. दोघांचं छान चाललं होतं.

मग दादांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू परत आला, काठी धरून का होईना. जीभ तर दुप्पट होऊन परत आली. उजवा हात मात्र आलाच नाही. तो खांद्याला नुसता अडकवून ठेवल्यासारखा लोंबायचा. जिना उतरता येत होता, पण शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. आणि दुसऱ्या कुणाला लावू देतील तर ते चेकरदादा कसले!

"मी लावते रे दादा, एक मिनिटाचं काम."

"मी काय पाळण्यात आहे?"

"मग टी-शर्ट घाल. डोक्यातून घातला की झालं."

"बनियन घालून खाली येऊ? लोकांनी उद्या माझ्याकडे तिकीट मागायचं बाकी राहील!"

झालं. दादा खोलीत आणि पायरी रिकामी. आठवडे गेले. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी असते. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "आत्या, बाबा खोलीतच बसणार असतील तर माझ्याकडच्या खोलीत बसतील. निदान तळमजला आहे. महिनाअखेरीला येते आणि त्यांना घेऊनच जाते."

तिचं चुकत होतं असंही नाही, आणि हीच तर पंचाईत होती. चूक असती तर बाई भांडल्या असत्या. दादांचं म्हणणं विचारावं तर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "न्या कुठं न्यायचं ते." आयुष्यभर लोकांना बसमधून खाली उतरवणारा माणूस स्वतः असा मुकाट्यानं उतरायला तयार झाला, हे काही बाईंना बघवेना.

तेव्हापासून त्या फोनला चिकटल्या. आणि पहिल्या झटक्यात त्यांनी तेच केलं जे सगळे करतात. दिसेल ते टाचलं. एका हातानं चालवायची मशीन, दुकानासाठी दिवे, ब्लाउजच्या पाठी, पायऱ्यांना कठडे, केक. हो, केकसुद्धा, कारण त्याच्यावर साखरेची बटणं होती. थोड्याच दिवसांत फोन त्या फडफडणाऱ्या भिंतीसारखा झाला. शिवाय एक बोर्ड त्यांनी कुणाला दिसू नये असा झाकून ठेवला होता. त्यावर एकच चित्र होतं. मोठ्या खिडकीजवळ लांबरुंद कापणीचं टेबल. वरच्या, दादांच्या खोलीला तशीच खिडकी होती. बाईंना टेबलाची हौस जुनी होती. दादा गेले तर खोली रिकामी होईल, हा विचार एकदा मनात आला आणि चित्र टाचलं गेलं. त्यानंतर त्यांना दादांच्या ताटात वाढताना मान वर करवेना.

बाईंनी बिनमुंडक्यांचा उलगडा करून सांगितल्यावर झेरॉक्सवाली जरा ओशाळली. जरा म्हणजे अगदी जरा. लगेच स्टूल ओढून बसली.

"बघू, काय काय जमवलंय? अगंबाई! एवढं? मग शर्ट का नाही झाला अजून?"

"तुझा पडदा का नाही लागला?"

झेरॉक्सवाली स्टुलावर चुळबुळली. बाई मात्र आपल्याच बोलण्यावर थबकल्या. मग त्यांनी कात्री चालवावी तसा अंगठा चालवायला सुरुवात केली. केक गेला. दिवे गेले. ब्लाउजच्या पाठी गेल्या.

"अहो, राहू द्या की, कधी तरी लागेल!"

"कधी तरी लागेल म्हणून ठेवलेल्या चिंध्यांनी माझा पलंग भरलाय गं. एका बोर्डावर एकच प्रश्न ठेवायचा. दोन झाले की दोघांनाही उत्तर मिळत नाही."

बोर्डाचं नाव त्यांनी बदललं. आधी होतं 'शिवण आणि इतर'. आता ठेवलं, 'एका हातानं बटण कसं लावायचं?' राहिलेल्या प्रत्येक चित्राखाली त्या स्वतःच्या शब्दांत लिहू लागल्या, हे का ठेवलं. 'काज आडवं आहे, बोट सरकतं.' 'कापड जाड, बटण हातात राहतं.' आणि ज्याच्याखाली काय लिहावं ते सुचेना, ते चित्र कितीही गोजिरं असलं तरी गेलं. मूळ चित्र कुणाचं, कुठलं, तेही त्या राखून ठेवत. "दुसऱ्याच्या कापडावर आपली चिठ्ठी लावू नये," एवढंच कारण.

या छाटणीतून जे उरलं त्यावरून पहिला शर्ट निघाला. बटणांऐवजी आतून चिकटपट्टी, ती चपलांना असते तसली. दादांनी तो एका हातानं लावला. लावला हे खरं. मग उघडला. चर्रर्र!

"हा शर्ट आहे की पार्सल?" दादांनी विचारलं, आणि पुन्हा चादर ओढली.

बाई खाली आल्या. त्या शर्टाचा फोटो काढला आणि बोर्डावर लावून टाकला. खाली लिहिलं, 'हा फसला. उघडताना आवाज येतो. माझ्या भावाला लाज वाटते. कोणाला काही सुचतंय का?' आणि बोर्ड सगळ्यांना खुला केला. कोणीही यावं, आपलं चित्र जोडावं.

झेरॉक्सवालीनं कपाळाला हात लावला. "फसलेलं कोणी दाखवतं का हो? लोक सुंदर सुंदर लावतात!"

"सुंदर बघितलं की लोक पुढे सरकतात. फसलेलं बघितलं की थांबतात. हात शिवशिवतात त्यांचे. तू नाही का, माझा दोरा तुटला की स्टुलावरून उठून सांगायला येतेस? शिवण येत नसताना?"

काही दिवस कोणीच फिरकलं नाही. झेरॉक्सवाली येता-जाता "आलं का कोणी?" असं विचारून मीठ चोळत होती. आणि मग एका दुपारी, बाई एका पाटलोणीची शिवण उसवत असताना, फोन किणकिणला. थांबला. पुन्हा किणकिणला. मग थांबायचं नावच घेईना.

बाईंनी बघितलं आणि बघतच राहिल्या.

एक पाववाला होता, कुठल्या देशातला देव जाणे. त्याचा हात कोपरापासून नव्हता. त्यानं मनगटाची बटणं ताणल्या जाणाऱ्या दोऱ्यानं शिवली होती. बटण लावलेलंच ठेवायचं, पंजा आत सरकवला की कफ पसरतो आणि पुन्हा मिटतो. एक बाई होती, आईसाठी शिवणारी. तिनं सांगितलं, खोटी बटणं वरून शिव, आत लोहचुंबकं दडव, आवाज होत नाही. त्याच्याखाली लगेच तिसऱ्याचा इशारा, छातीत हृदयाचं यंत्र बसवलेलं असेल तर चुंबकाच्या वाटेला जाऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. एका म्हाताऱ्यानं तर शिवणाचा विषयच काढला नव्हता. तो खुर्चीत बसला होता, शर्ट मांडीवर पसरला होता, आणि चित्रामागून चित्र दाखवत होता. आधी अधू हात बाहीत घाला. आधी अधू हात! चांगला हात मागून आपोआप येतो. भाषा वेगवेगळ्या होत्या, फोन त्या मोडक्यातोडक्या मराठीत उलगडून देत होता. पण वाचायची तशी गरजही नव्हती. या सगळ्यांनीही मुंडकी कापूनच फोटो लावले होते. बोर्डभर नुसते हात दिसत होते. काळे, गोरे, सुरकुतलेले, पिठानं माखलेले, दोन बोटांचे, बोटंच नसलेले. आणि प्रत्येक हात एक बटण लावत होता.

बाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढून डबीत ठेवल्या. समोर पाटलोणवाला गिऱ्हाईक उभा होता. त्याला वाटलं, आता बाई बोलणार. पण त्यांनी बोर्ड पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतला. आपल्या खोलीतला, चादरीखालचा त्रास त्यांना आजवर एकट्या आपल्या घरचा वाटत होता. आणि इकडे कुठकुठल्या खोल्यांमधून माणसं तोच त्रास घेऊन बसली होती, त्यातल्या एकेकानं त्याचं एकेक टोक सोडवून ठेवलं होतं, आणि न ओळखणाऱ्या शिंपिणीला ते आपण होऊन आणून देत होती. देवळात उभं राहिल्यासारख्या बाई त्या फोनपुढे उभ्या राहिल्या.

"माझी पाटलोण?" गिऱ्हाइकानं हळूच विचारलं.

"उद्या," बाई म्हणाल्या. आणि झाकलेल्या बोर्डावरचं ते टेबलाचं चित्र त्यांनी पुसून टाकलं.

डॉक्टरांना फोन झाला. दादांच्या छातीत यंत्रबिंत्र काही नाही, चुंबकाची भीती नाही, असं कळलं. मग पर्सच्या झाकणांना असतात तसली चपटी चुंबकं आली. प्रत्येकासाठी पट्टीच्या आत चिमुकला बंद कप्पा. वरून काजं शिवून मिटवलेली आणि त्यांवर खरी, शिंपल्याची बटणं. मनगटाला पाववाल्याचा दोरा. कॉलर अशी ताठ की दादांच्या जुन्या साहेबांनाही घाम फुटावा. हा शर्ट आजाऱ्याचा आहे हे कापडाला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

मुलगी यायची होती त्याच सकाळी बाईंनी तो दादांच्या मांडीवर पसरला.

"आधी उजवा हात," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं उचलून घाल आत."

"उलटं आहे हे."

"असू दे उलटं. कोण कुठला म्हातारा सांगतोय एवढ्या लांबून, त्याचा तरी मान ठेव."

दादांनी उजवा हात उचलला, बाहीत सोडला, शर्ट खांद्यावरून मागे ओढला. डावा हात आपसूक आला. मग त्यांनी दोन्ही कडा जवळ आणल्या, आणि त्या कडांनीच एकमेकींना धरलं. टक. खाली दुसरं. टक. दादांचा हात थांबला. त्यांनी छातीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. टक, टक करत बटणं पोटापर्यंत पोचली. मग गळ्याचं. आरसा समोरच होता, पण दादांनी त्यात बराच वेळ पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा एवढंच म्हणाले, "काठी कुठाय माझी?"

त्यांना जिना उतरताना पाहून झेरॉक्सवालीच्या हातातले कागद मशीनमध्ये अडकले. इस्त्रीच्या शर्टातले विधुर गृहस्थ बाजूला सरून उभे राहिले. दादा कुणाकडे न बघता थेट बहिणीच्या दुकानात शिरले आणि सवयीनं कापायच्या चिमुकल्या टेबलावर वाकून म्हणाले, "केवढा हा पसारा!"

आणि उघड्या डबीतल्या टाचण्या त्यांच्या छातीवर उडाल्या.

रोज संध्याकाळी जमिनीवरच्या टाचण्या चुंबकानं गोळा करणारी शिंपीण, आणि भावाला चुंबकांचा शर्ट घालून टाचण्यांच्या खोलीत बोलावते! पण चुंबकं तिनं वर बसूनच कप्प्यांत घातली होती, आणि वर टाचण्या नव्हत्या, मग आठवणार कसं? दादा सरळ झाले. गळ्यापासून पोटापर्यंत प्रत्येक बटणाभोवती टाचण्यांचं एकेक चांदीचं फूल उमललं होतं.

नेमकी तेव्हाच दारात मुलगी उभी. हातात बापाचे कपडे न्यायला आणलेली मोठी रिकामी बॅग.

"बाबा! हे काय टोचलंय तुम्हाला? आत्या, काय चाललंय हे?"

दादांनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. छाती आणखी पुढे काढली.

"आधी तिकीट दाखवा," ते म्हणाले.

झेरॉक्सवाली पोट धरून खाली बसली. मुलगी मात्र हसली नाही. हा विनोद तिनं किती दिवसांनी ऐकला होता! तिचे डोळे भरून आले, पण ती बापाचीच लेक. "शर्ट कोणी घातला?"

"मी."

"खरं सांगा."

दादांनी काठी टेबलाला टेकवली आणि एका हातानं वरपासून खालपर्यंत शर्ट उघडला. टाचण्यांचा सडा पडला. मग तिच्या डोळ्यांत बघत त्यांनी तो परत लावला. टक, टक, टक. जादूचे खेळ सगळ्यांनीच पाहिले होते, पण त्यात माणूस गायब होतो. इथं एक गायब झालेला माणूस परत येत होता.

मुलगी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. बाईंनी तिच्या हातात फोन दिला. ती हातांमागून हात बघत गेली.

"ही सगळी कोण माणसं आहेत, आत्या?"

"माहीत नाही."

"मग यांनी एवढं का सांगितलं तुला?"

"तेही माहीत नाही गं. मी पण रोज हेच विचारते."

मुलीनं बॅगेकडे पाहिलं आणि पायानं ती टेबलाखाली सारली. "ठीक आहे. पण दर रविवारी फोनवर मला शर्ट घालून दाखवायचा. अचानक करणार मी फोन."

"अचानक? म्हणजे तपासणी?"

"तुमच्याकडूनच शिकलेय."

संध्याकाळी ती निघाली तेव्हा भाऊ-बहीण पायरीवर बसून तिच्या रिक्षावाल्याला नावं ठेवत होते.

मग बाईंनी तो शर्ट बोर्डावर लावला. नुसता फोटो नाही. कापायचा कागद, मापं, चुंबकाचे कप्पे आतून कसे शिवायचे त्याची चित्रं, आणि ठळक अक्षरांत, 'शिंप्यांनो, टाचण्या झाकून ठेवा.' पाववाल्याचं, आईसाठी शिवणाऱ्या बाईचं, म्हाताऱ्याचं, सगळ्यांचं ऋण खाली लिहिलं. दुसऱ्या दिवसापर्यंत तो शर्ट कुठकुठल्या बोर्डांवर जाऊन बसला होता. झेरॉक्सवालीला ते बघून राहवेना.

"बाई, वेडबीड लागलंय का तुम्हाला? एवढ्या खटपटीनं काढलेला शर्ट, आणि सगळं उघडं करून ठेवलंत? उद्या जगात कोणीही उठेल आणि शिवेल!"

"शिवू दे की," टाचणीबाई म्हणाल्या. "सगळ्या जगाचे शर्ट शिवायला मला एकटीला वेळ कुठंय?"